कासा ग्विदीतली दुसरी एलिझाबेथ

इटलीत जाऊन राहिलेल्या परदेशी मंडळींनी लिहिलेलं खूप वाचायला मिळतं. चित्रं, चर्च, कारंजी, द्राक्षांचे मळे, चांदण्यातले पडके वाडे. मला मात्र असं काही वाचताना मध्येच प्रश्न पडतो, की सकाळी यांची चूल कोण पेटवत होतं? दूध कुठून यायचं, आणि दूधवाल्याशी हुज्जत कुठल्या भाषेत घातली जायची? परमुलखात संसार मांडलेल्या बाईला विचारा. ती संग्रहालयाबद्दल नंतर सांगेल, आधी सांगेल पीठ कुठं मिळतं ते. म्हणून आज एका अशा बाईची गोष्ट सांगते, जी इटलीत आली ती दुसऱ्या बाईची ट्रंक सांभाळत, आणि राहिली ती कायमची.

फ्लॉरेन्समध्ये पिट्टी राजवाड्याजवळ, सान फेलिचे चर्चच्या समोरच, एक जुना वाडा आहे. त्याचं नाव कासा ग्विदी, म्हणजे ग्विदी घराण्याचं घर. त्याच्या पहिल्या मजल्यावर १८४७ पासून १८६१ पर्यंत, मधले प्रवास सोडले तर, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग आणि रॉबर्ट ब्राउनिंग हे इंग्लिश कविदांपत्य राहिलं. दारावर फ्लॉरेन्स शहराने पाटी लावली आहे. निकोलो तोम्माझेओ या लेखकाने तिचा मजकूर लिहिला आणि इटली व इंग्लंड यांना जोडणारी सोन्याची अंगठी असा या कवयित्रीच्या कवितेचा गौरव केला. पाटीवर एकाच एलिझाबेथचं नाव आहे. घरात एलिझाबेथ दोन होत्या.

दुसरी एलिझाबेथ विल्सन, बाईसाहेबांची खास दासी. इंग्लिश रिवाजाप्रमाणे तिला आडनावाने हाक मारत, नुसतं ‘विल्सन’. मालकीण आणि दासी यांचं नाव एकच असलं, तर नाव कुणाकडे राहणार हे उघडच आहे. ती १८४४ मध्ये लंडनला विम्पोल स्ट्रीटवरच्या बॅरेटांच्या घरी कामाला लागली. बाईसाहेब वर्षानुवर्षं आजारी, एका खोलीत कोंडलेल्या, झोपेसाठी अफूच्या अर्कावर अवलंबून. त्यांचे केस विंचरणं, कपडे घालणं, औषधाचे थेंब मोजणं, कुत्र्याला फिरवून आणणं हे विल्सनचं काम. वडील मोठे करडे. जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या कष्टांवर उभी राहिलेली त्यांची श्रीमंती, आणि मुलामुलींपैकी कुणीही लग्न करायचं नाही ही त्यांची अट.

१२ सप्टेंबर १८४६ रोजी चाळीस वर्षांच्या एलिझाबेथबाईंनी घरात न सांगता रॉबर्टशी लग्न केलं. चर्चला जाताना रस्त्यात त्यांना घेरी आली, औषधाच्या दुकानात थांबून हुंगायचं औषध घ्यावं लागलं. सोबत विल्सनच होती. लग्नाला साक्षीदार दोनच, रॉबर्टचा एक मावसभाऊ आणि विल्सन. त्यानंतर बाईसाहेब घरी परतल्या आणि आठवडाभर काही घडलंच नाही अशा राहिल्या. १९ तारखेला निघाल्या. सोबत नवरा, विल्सन आणि फ्लश नावाचा कुत्रा.

या पळून जाण्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले. पण त्यात कुणाचं किती पणाला लागलं होतं? बाईसाहेबांच्या नावावर स्वतःचे पैसे होते, वर्षाला तीनशे पौंडांच्या आसपास व्याज येत होतं. रॉबर्ट पुरुष होता. विल्सनचा पगार वर्षाला सोळा पौंड. बॅरेटांच्या घरातून अशी निघून गेल्यावर तिला त्या घराचं शिफारसपत्र मिळणार नव्हतं, आणि शिफारसपत्राशिवाय त्या काळी दासीला दुसरं घर मिळत नसे. परदेशात मालकीण दगावली असती तर तिची स्थिती काय झाली असती? तरी ती गेली. पळून जाण्याआधी एलिझाबेथबाईंनी रॉबर्टला लिहिलेल्या एका पत्रात मात्र विल्सन ही महाग दासी आहे, असा हिशोब आहे. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. संसार मांडायला निघालेली बाई खर्चाची यादी करते, आणि दासी त्या यादीतली एक ओळ असते. आपल्या यादीतही असतेच की.

बोटीने, आगगाडीने, घोडागाडीने, पॅरिस, आव्हिन्यों, मार्सेय करत मंडळी लिव्होर्नो बंदरात उतरली आणि पहिला हिवाळा पिसाला काढला. तिथं त्यांनी स्वयंपाकघर मांडलंच नाही. जेवण दुपारी खाणावळीतून यायचं, सोबत किआन्तीची वाइन. स्वस्ताईचं एलिझाबेथबाईंना फार कौतुक वाटलं. त्या जेवणात थ्रश, म्हणजे गाणारे पक्षीसुद्धा असायचे. हे वाचताना माझा हातातला घास थांबला हे सांगायलाच हवं. कवींच्या घरात गाणारे पक्षी ताटात!

पिसालाच विल्सन आजारी पडली. पोटात दुखत असताना कुणाला न सांगता काम करत राहिली आणि शेवटी आडवी झाली. डॉक्टर बोलवावा लागला. तेव्हा चाळिशीच्या एलिझाबेथबाईंनी स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि कपडे स्वतः घातले, आणि बहिणींना ते मोठ्या अभिमानाने कळवलं. याच हिवाळ्यात बाईसाहेबांना दिवस गेले असावेत ही शंकाही आधी विल्सनलाच आली. बाईसाहेबांनी मानलं नाही. मार्च १८४७ मध्ये गर्भपात झाला. घरातल्या घरात कुणाला काय कळतं आणि कुणाचं ऐकलं जातं, याचं यापेक्षा वेगळं उदाहरण शोधायला नको.

वसंतात सगळे फ्लॉरेन्सला आले. कासा ग्विदीतली जागा आधी सामानासकट घेतली, मग ती सोडून भलतीच ऊन न येणारी जागा घेऊन पैसे बुडवले, आणि १८४८ मध्ये पुन्हा कासा ग्विदीतच रिकाम्या खोल्या घेऊन आपलं सामान जमवलं. सहा खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातल्या तीन तर राजवाड्यात शोभतील अशा, शिवाय चर्चच्या भिंतीला लागून लांबट गच्ची. भाडं वर्षाला पंचवीस गिनी, म्हणजे सव्वासव्वीस पौंड. राजवाड्यासारखं घर सव्वीस पौंडात आणि माणूस सोळात. इंग्रज लोक फ्लॉरेन्समध्ये का गर्दी करत होते हे कळायला एवढे दोन आकडे पुरेत. उबदार हवा आणि सुंदर चित्रं खरीच, पण लंडनमध्ये जेमतेम राहणाऱ्याला इथं साहेबासारखं राहता येत होतं.

आता या घरातलं रोजचं जगणं पाहा. एलिझाबेथबाईंना इटालियन येत होतं, दान्ते त्यांनी इंग्लंडमध्येच मूळ भाषेत वाचला होता. पण दान्तेची भाषा घेऊन बटाटे घेता येत नाहीत. तब्येत नाजूक, थंडी लागली की महिनोन् महिने घराबाहेर पडायचं नाही. रॉबर्ट रोज व्हिएस्सोच्या वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रं वाचून येत आणि बातम्या घरी सांगत. बाईसाहेबांचं फ्लॉरेन्स हे मोठ्या प्रमाणात खिडकीतून दिसणारं फ्लॉरेन्स होतं. त्यांनी ते लपवलं नाही. त्यांच्या १८५१ च्या दीर्घकवितेचं नावच ‘कासा ग्विदीच्या खिडक्या’ असं आहे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला, १२ सप्टेंबर १८४७ ला, ग्रँड ड्यूक लिओपोल्डने नागरी सेना मंजूर केल्याच्या आनंदात हजारो लोकांची मिरवणूक त्याच खिडक्यांखालून गेली आणि मंडळी तीन तास पाहत बसली. पावणेदोन वर्षांत त्याच रस्त्याने ऑस्ट्रियाचं सैन्य आलं, तेही त्याच खिडक्यांतून पाहिलं. आशा आणि निराशा, दोन्ही वरून.

विल्सनला खाली जावं लागत होतं. कुत्र्याला फिरवायचं, कापड आणायचं, दोरा आणायचा, औषध आणायचं. इटालियन ती पटकन शिकली, कारण शिकल्याशिवाय दिवस उजाडत नव्हता. तस्कनीतला पाव अळणी असतो, त्यात मीठ घालतच नाहीत. नव्या माणसाला तो पहिल्या घासाला फसल्यासारखा वाटतो, आणि मग कळतं की सोबतचं सगळं खारट असल्यामुळे तो तसा केलेला आहे. हिवाळ्यात तिथल्या बायका निखारे घातलेलं मातीचं छोटं मडकं कडीने धरून हातात घेऊन फिरत, त्याला स्काल्दीनो म्हणत. दगडी वाड्यांतली थंडी काय असते हे त्या मडक्यावरून समजावं. असल्या गोष्टी दान्तेत नसतात. उन्हाळ्यात उलट, बंद खिडक्या, कलिंगडं, अंजिरं, बर्फाचं पाणी, आणि फ्लशच्या अंगावर इतक्या पिसवा की त्याचे केसच भादरावे लागले.

तिचं इटलीशी पहिलं भांडण मात्र कलेवरून झालं. ग्रँड ड्यूकच्या चित्रदालनात गेली असता व्हीनसचा उघडेपणा पाहून ती दारातूनच मागं फिरली. एलिझाबेथबाईंनी हे गंमत म्हणून लिहिलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या गोष्टीकडे पाहायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, ती सोनेरी चौकटीत लावली म्हणून लगेच वेगळी होत नाही. नजर सरावायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिने घेतला.

लोकांशी मात्र तिची नाळ लवकर जुळली. ड्यूकच्या पहाऱ्यावरच्या रीगी नावाच्या उंचापुऱ्या शिपायाशी तिचं लग्न ठरलं. तो प्रातो गावी गेला, आजारी पडला, बरा झाला, आणि पत्रंच यायची थांबली. परक्या देशात, परक्या भाषेत, आईवडील जवळ नसताना लग्न मोडणं म्हणजे काय ते तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं असेल? मालकिणीच्या पत्रांतून आपल्याला एवढंच कळतं की तिने स्वतःला सावरलं. विल्सनबद्दलचं बहुतेक सगळं आपल्याला असंच, दुसरीच्या पत्रांतून, कडेकडेने कळतं. व्हर्जिनिया वुल्फने १९३३ मध्ये ‘फ्लश’ हे पुस्तक लिहिलं ते कुत्र्याचं चरित्र. विल्सन त्याच्या शेवटी एका लांब टिपेत आहे. कुत्र्याला पुस्तक, दासीला टीप. पुढे १९९० मध्ये मार्गारेट फॉर्स्टर यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली तेव्हा कुठं ती मधोमध आली.

९ मार्च १८४९ ला कासा ग्विदीत बाळ जन्मलं. दोन वेळा दिवस जाऊन फुकट गेलेल्या एलिझाबेथबाईंना त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालेला हा एकुलता मुलगा. त्याला पेन म्हणत. अंगावर पाजायला गावातली धट्टीकट्टी दाई आली, इटालियन भाषेत बालिया. आईचं इंग्लिश, बालियाचं इटालियन आणि विल्सनची अंगाई अशा तीन बायकांच्या तोंडच्या भाषांत हे पोर वाढलं आणि दोन्ही भाषांची खिचडी बोलू लागलं. विल्सनला तो ‘लिली’ म्हणायचा. घरात तिला नावाने हाक मारणारं हे पहिलं माणूस, आणि तेही त्यानेच ठेवलेल्या नावाने.

याच सुमाराचं फ्लॉरेन्समधलं एक प्रकरण सांगायला हवं. फ्रान्चेस्को आणि रोझा मादियाई हे नवराबायको. तो परदेशी प्रवाशांचा वाटाड्या, ती बरीच वर्षं इंग्लंडमध्ये घरकाम केलेली. दोघं फ्लॉरेन्समध्ये इंग्रज पाहुण्यांना खोल्या भाड्याने देत. कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट झाले, घरात बायबल वाचू लागले. १८५१ मध्ये त्यांना पकडलं, १८५२ मध्ये कैदेची शिक्षा झाली. युरोपभर ओरड झाली, तेव्हा १८५३ मध्ये सुटका होऊन त्यांना देशाबाहेर घालवलं. श्रीमंत इंग्रज प्रॉटेस्टंटांना कुणी हात लावत नव्हतं. ते आपल्या प्रार्थनेला जात, मेले तर शहराच्या वेशीबाहेर त्यांच्यासाठी वेगळी दफनभूमी होती. पंथाची झळ बसली ती त्यांच्या सहवासात आलेल्या कामकऱ्यांना. विल्सन स्वतः श्रद्धाळू प्रॉटेस्टंट, बायबल नेमाने वाचणारी. तिच्यासारख्या बाईने इटालियन माणसाशी लग्न करायचं तर या बातम्या डोळ्याआड करून चालणार नव्हतं.

आणि तिने केलं ते कॅथलिकाशीच. फर्डिनांदो रोमान्योली हा ब्राउनिंगांचा आचारी, घरगडी, सगळंच. भला माणूस, प्रामाणिक, पेनचा लाडका. १८५५ च्या उन्हाळ्यात मंडळी इंग्लंडला निघाली आणि वाटेत पॅरिसला दोघांचं लग्न लागलं. मुलं कोणत्या पंथात वाढायची हा प्रश्न आलाच. दोन्हीकडच्या धर्मगुरूंना पटेल असं लग्न जमवताना बरीच धावपळ झाली. मग लंडनमध्ये पोचल्यावर उघड झालं की विल्सनला बरेच महिने गेलेले आहेत. एलिझाबेथबाईंना धक्का बसला, वाईट वाटलं. त्यांनी तिला टाकलं मात्र नाही. त्या काळच्या कितीतरी घरांतून अशा दासीला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

ऑक्टोबर १८५५ मध्ये ओरेस्तेस जन्मला. विल्सन बाळंतपणाला बहिणीकडे, नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्ट रेटफर्डला गेली होती. नवरा ब्राउनिंगांबरोबर पॅरिसला. त्याची नोकरी तिथं, त्याचा देश इटली, त्याला इंग्लिश येत नव्हतं, इंग्लंडमध्ये तो काय करणार? आणि ब्राउनिंगांच्या घरात दासीचं तान्हं बाळ बसणार नव्हतं. दासीने पेनला सांभाळायचं, बाईसाहेबांना सांभाळायचं. तिच्या बाळाला कोण सांभाळणार? १८५६ च्या शरद ऋतूत मंडळी फ्लॉरेन्सला परत निघाली तेव्हा विल्सन नवऱ्याबरोबर निघाली. ओरेस्तेस वर्षाचा होता, मावशीकडे राहिला.

इथं मी थांबते, कारण याच महिन्यांत बाईसाहेब काय लिहीत होत्या ते सांगायचं आहे. १८५६ च्या त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्या ‘ऑरोरा ली’ या आपल्या सर्वांत मोठ्या काव्याचा शेवट करत होत्या. वर्षअखेर ते प्रसिद्ध झालं, खूप खपलं. त्यात मेरियन नावाची एक गरीब शिवणकाम करणारी मुलगी आहे. तिच्यावर अत्याचार होतो, तिला मूल होतं, आणि ते मूल छातीशी धरून ती जगाला सांगते की हे माझं आहे. नायिका कवयित्री आहे. ती काय करते? त्या आईला आणि बाळाला दोघांनाही घेऊन फ्लॉरेन्सला जाते आणि तिथं एका घरात तिघं राहतात. इंग्रजी साहित्यात गरीब आईच्या बाजूने इतक्या धीटपणे तेव्हा कुणी लिहीत नव्हतं. त्याआधी पिसाच्या त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी पळून गेलेल्या एका गुलाम आईवर कविता लिहून अमेरिकेतल्या गुलामीविरोधी मंडळींना पाठवली होती, आपल्या बापजाद्यांच्या उसाच्या पैशाविरुद्धच जणू.

म्हणजे त्यांना आईचं दुःख कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कागदावर ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही. आणि तीच बाई आपल्या घरातली आई बाळ सोडून आपल्याबरोबर गाडीत बसते हे पाहत होती. पुष्कळ अभ्यासक याला ढोंग म्हणतात. मला तो शब्द सोपा वाटतो. तब्येत खालावलेली, मुलगा सात वर्षांचा, विल्सनशिवाय दिवस ढकलणं अवघड. गरज माणसाला किती थोडं पाहू देते! कवितेतली मेरियन दुसऱ्या कुणाचे केस विंचरत नव्हती, म्हणून ती पूर्ण दिसली.

फ्लॉरेन्सला परतल्यावर वर्षभरात विल्सनला पुन्हा दिवस गेले. या वेळी नोकरी सुटलीच. तिच्या जागी आनुन्त्सियाता नावाची इटालियन दासी आली. विल्सनने कासा ग्विदीजवळच घर घेऊन परदेशी पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. फर्डिनांदो ब्राउनिंगांकडेच राहिला, त्यांच्याबरोबर रोमला, बान्यी दि लुक्काला जात राहिला, म्हणजे संसार दोन घरांत. १८५७ मध्ये दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव पिलादे. ग्रीक कथांत ओरेस्टीस आणि पिलाडीस ही जिवाभावाच्या मित्रांची जोडी आहे, एकमेकांसाठी प्राण द्यायला निघालेली. एक जोडीदार ईस्ट रेटफर्डमध्ये आणि दुसरा फ्लॉरेन्समध्ये. हे नाव ठेवताना विल्सनच्या मनात काय होतं हे कुठल्याही पत्रात नसलं, तरी नावातच ते सगळं आहे.

पुढच्या काळात तिचं मन ढळलं. नवरा दूर, त्याच्याबद्दल संशय, थोरला मुलगा आणखी दूर, आणि हातात बायबल. त्यातल्या भविष्यवाण्यांत ती आपल्या मुलाला शोधू लागली, जगाचा अंत जवळ आला असं बोलू लागली. ब्राउनिंगांनी ते विचित्र म्हणून लिहिलं. मग ती सावरली. कशी, हे कुणी लिहिलं नाही. घर चालवायचं असलं की माणूस सावरतं, असं माझं आपलं मत.

कारण घर चालवायला आता एक वादळच आलं होतं. वॉल्टर सॅव्हेज लँडॉर, ८४ वर्षांचे नामवंत इंग्लिश लेखक. फिएसोलेच्या टेकडीवरच्या त्यांच्याच बंगल्यात राहणाऱ्या बायकामुलांशी कडाक्याचं भांडण करून १८५९ च्या उन्हाळ्यात ते खिशात चार नाणी घेऊन फ्लॉरेन्सच्या रस्त्यावर उभे होते. रॉबर्टने त्यांना सावरलं, इंग्लंडमधल्या त्यांच्या भावांकडून खर्चाची सोय केली आणि त्यांना ठेवलं ते विल्सनच्या घरी. ती त्यांचं जेवण, कपडे, आजारपण पाहणार आणि त्याचा ठरावीक मेहनताना घेणार. इटलीत आलेल्या इंग्रजी कवीला सांभाळण्याचा तेरा वर्षांचा अनुभव तिच्याइतका कुणाला होता?

लँडॉर मूडमध्ये असले की लोभस. नसले की जेवण आवडलं नाही म्हणून ताट फरशीवर आपटायचे, नोकरांनी माझी पेटी उघडली म्हणून आरोप करायचे. एलिझाबेथबाईंनी एका पत्रात स्पष्टच लिहिलं आहे की विल्सनने जो धोका पत्करला तो मी पत्करला नसता. विल्सनने पाच वर्षं पत्करला. सप्टेंबर १८६४ मध्ये लँडॉर वारले ते तिच्याच घरात. आज त्या घरावरही त्यांच्या नावाची आठवण सांगितली जाते. घरमालकीण कोण होती हे चौकशी केल्याशिवाय कळत नाही.

त्याआधीच, २९ जून १८६१ ला, एलिझाबेथबाई कासा ग्विदीत वारल्या. इटली एक होताना त्यांनी खिडकीतून पाहिली, तीन आठवड्यांपूर्वी काव्हूर गेल्याची बातमी त्यांना सोसवली नव्हती. प्रॉटेस्टंटांच्या त्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे, फ्रेडरिक लेटन या चित्रकाराने तिचा आराखडा केला. रॉबर्टने पेनचे लांब कुरळे केस कापले आणि मुलाला घेऊन इंग्लंड गाठलं. फ्लॉरेन्सला तो परत राहायला कधीच आला नाही. इटलीवर जीव टाकणारी मंडळी एका महिन्यात आवराआवर करून गेली. विल्सन राहिली. तिला जायला कुठं होतं असं म्हणता येईल, पण बहीण इंग्लंडात होतीच. तिचा नवरा, तिचं धाकटं मूल, तिची पाहुण्यांची घरं, तिची भाषा आता इथं होती.

कासा ग्विदी आज इंग्लंडच्या ईटन शाळेच्या मालकीची आहे. दिवाणखाना जुन्या चित्रावरून पुन्हा तसाच मांडला आहे, हिरव्या भिंती, पुस्तकांची कपाटं, बाईसाहेबांची खुर्ची. काही दिवस ठरलेल्या वेळात तो पाहता येतो आणि पैसे भरून तिथं राहताही येतं. गच्चीवर गेलं की समोर चर्चची भिंत.

पेन मोठा होऊन चित्रकार झाला आणि इटलीतच परतला. १८८८ मध्ये त्याने व्हेनिसचा पालाझ्झो रेझ्झोनिको हा प्रचंड वाडा घेतला. रॉबर्ट १२ डिसेंबर १८८९ ला तिथंच वारले. म्हाताऱ्या फर्डिनांदोला आणि आपल्या लिलीला पेनने स्वतःजवळ आणून ठेवलं होतं, आता काम करायला नव्हे. फर्डिनांदो १८९३ मध्ये गेला. लिली त्यानंतर पेनच्या आसोलो गावच्या घरी राहिली, डोंगराच्या उतारावरच्या त्या लहानशा गावात, आणि १९०२ मध्ये तिथंच वारली. विम्पोल स्ट्रीटवरून ट्रंक घेऊन निघाल्याला तेव्हा छप्पन वर्षं झाली होती.